मावशी, दीपालीनं जबान मोडली नव्हती

मावशी, काल तुमच्या दहाव्याला आमटीत मीठच नव्हतं.

थट्टा नाही करत. नदीवरचं सगळं उरकून माणसं परत आली तोवर तुमच्या जुन्या पोरींनी पदर खोचून सोसायटीच्या गोडाऊनचा ताबा घेतला होता. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. सरूनं आदल्या दिवशीच येऊन मटकी भिजत घातली होती. एकीनं डाळ निवडायला घेतली, एकीनं टँकरचं पाणी गाळून हंडे झाकून ठेवले, एक आमटीला लावायच्या येसराचा डबा मांडीशी घेऊन बसली. लहानपणी जिनं जे सांभाळलं, तेच तिनं काल उचललं. आणि मीठ होतं संगीताचं. संगीता पुण्याला, तिला सुट्टी मिळाली नाही. बाकीच्या सगळ्यांनी मिठाच्या बरणीकडं बघितलंसुद्धा नाही, कारण ती त्यांची नव्हतीच.

पंगत बसली, पहिला घास गेला आणि पंगतभर माना वर झाल्या. मग सगळ्यांनी एकदम खाली घातल्या. "मीठ द्या" असं एकानंही म्हटलं नाही. ज्याचं राहिलं त्याचं राहिलं, तसंच खायचं, गप खायचं, हा तुमचा कायदा ना! दूध संस्थेचे चेअरमनसुद्धा दोन वाट्या अळणी आमटी मुकाट्यानं प्यायले. मला आधी हसू फुटलं, आणि मग मी गोडाऊनच्या मागं जाऊन इतकी रडले की सरूला माझी पाठ चोळावी लागली.

मी हे असं इकडचं तिकडचं सांगत बसलेय, कारण जे सांगायचंय त्याला अजून धीर होत नाही. म्हणून ते वर ठळक लिहूनच टाकलं. आता मागं फिरता येणार नाही. तुम्ही मला चांगल्या ओळखता, बाई वर्गात लई बोलते आणि चुलीपुढं आली की तिची बोबडी वळते.

आठवतं का, मी या गावात आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अंबाजोगाईची, डी.एड. झालेली, नियम तोंडपाठ. केजहून जीपनं येताना वाटलं होतं, दिवाळी नुकतीच झालीय, गाव भरलेलं असेल. बघते तर निम्म्या घरांना कुलपं. उसाच्या ट्रॅक्टरांवर भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारी माणसं चढवून माणसं ऊसतोडीला कारखान्यांकडं निघून गेली होती, आणि मागं राहिलेली तीसेक लेकरं शाळेमागच्या गोडाऊनपुढं डोळे सुजवून बसली होती. हंगामी वसतिगृह म्हणायचं त्याला. सोसायटीनं बियाण्याचं जुनं गोडाऊन रिकामं करून दिलं होतं, आणि स्वयंपाकाला तुम्ही. गयाबाई. सगळ्यांची मावशी.

चूल पेटवायच्या आधी तुम्ही एकेका लेकराला पुढं बोलावत होतात. "कोन काय सांभाळनार?" लेकरू नाक पुसत थंड चुलीच्या कडेला हात लावायचं आणि म्हणायचं, "माय-बाप येईस्तोवर मी मटकी सांभाळीन." दुसरं म्हणायचं, "मी मीठ." तिसरं म्हणायचं, "मी पान्याचं झाकन." आणि गंमत म्हणजे रडं थांबायचं त्यांचं. मी मात्र दारात उभी राहून तापले होते. लहान मुलांना कामाला लावता, वर चुलीवर हात ठेवून शपथा घ्यायला लावता, हे चालणार नाही, मी वर कळवीन, असे बरेच अकलेचे तारे मी तोडले.

तुम्ही पीठ मळायचं थांबला नाहीत. "काम येगळं, बाई, आन् जबान येगळी. काम समदं मी करते. भाकरी मी थापते, भांडी मी घासते, इस्तवाजवळ एक लेकरू येऊ देत न्हाई. त्यांच्याकडं फकस्त एकेक गोष्ट. पेरू खायला लागतो तेवढाच येळ. पर रोज. चुकायचं न्हाई."

"आणि चुकलं तर?"

"तर काय? ते दिसतंय की ताटात."

तेवढंच. ना ओरडा, ना शिक्षा. मटकी भिजली नाही तर त्या दिवशी उसळ नाही, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, सगळ्यांना तीच आणि तुम्हालाही तीच. पहिल्या वर्षी सरू विसरली. सहा वर्षांची चिमुरडी ती, मला तिची दया आली, म्हणून मी सकाळी लवकर येऊन गुपचूप मटकीवर गरम पाणी ओतून ठेवलं. तुम्ही पातेल्यात बोट घातलं आणि लगेच ओळखलंत. "हे सरूचं भिजवनं न्हाई." सगळी पोरं शाळेत गेल्यावर मला म्हणालात, "बाई, तुमी तिची जबान खाल्ली." मला इतका राग आला! एवढंसं लेकरू, मूठभर मटकी, आणि ही बाई माझ्याशी खून केल्यासारखं बोलते. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही माझ्यासाठी भाकरी बाजूला झाकून ठेवत होतात ती मात्र खात होते.

तेव्हाच शहाणी झाले असते तर बरं झालं असतं.

जबानीचा खरा अर्थ मला दुसऱ्या हंगामात कळला. निम्मा हंगाम झाला की एखादा बाप यायचाच मुलगी न्यायला. कोपीत भाकरी करायला कुणी नाही, धाकट्याला धरायला कुणी नाही, अशी कारणं. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची खोपटी, तुम्हीच मला सांगितलंत. मी त्याच्यापुढं शाळेचे नियम वाचायचे. तो ऐकून घ्यायचा, होय होय म्हणायचा आणि मुलीची पिशवी भरायला लागायचा. आणि तुम्ही चुलीपासून न उठता एवढंच म्हणायचात, "जबान बाकी हाय तिची. पाडव्यापत्तोर." तो माणूस थांबायचा. पाणी प्यायचा, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि एकटाच परत जायचा. स्वतः मजूर नेणाऱ्या मुकादमाला दिलेल्या जबानीवर शेकडो मैल जाणारा माणूस, त्याला लेकीची जबान मोडायला लावता यायची नाही.

मी विचारलं होतं, हे सुचलं कसं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "माजा बाप मुकादमाला जबान देऊन बसलता. म्हनून मी नवव्या वर्षी उसात गेलते. बापाच्या जबानीपायी लेकरं उसात जात्यात. मंग लेकराच्या जबानीपायी लेकरू गावात कावून ऱ्हाऊ नये?"

मी वर कळवायचं सोडून दिलं. पुढं माझी स्वतःची लेक मी तुमच्या चुलीपुढं आणून उभी केली, आणि तुम्ही तिलाही विचारलंत, कोन काय सांभाळनार. आज ती लातूरला शिकते आणि खोलीतल्या चार मुलींचं प्यायचं पाणी रोज भरून झाकून ठेवते. फोनवर म्हणाली, "आई, माझ्याच्यानं ते ठेवल्याबिगर झोपवत नाही." ही तुमची देणगी, मावशी. मी वीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिले, त्यातला एक तिला आठवत नाही.

तरी मी तुमच्याशी भांडत राहिले. हट्टीच मी. अभ्यास महत्त्वाचा की चूल, हा आपला वाद कधी मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, "जे लेकरू रोज मीठ बगतंय ते पाढेबी बगंल." मी म्हणायचे, पाढे असे येत नाहीत. आणि मग ते दुष्काळाचं साल आलं.

विहिरींचे तळ दिसायला लागले. पिकं जळाली. गावातली जनावरं कारखान्यावरच्या चारा छावणीत गेली आणि दूध संस्थेचा कॅन निम्मासुद्धा भरेना. त्या हंगामात दीपालीनं दही सांभाळायची जबान दिली होती. पाचवीतली, काटकी पोर, दोन घट्ट वेण्या. रोज दिवेलागणीला दूध कोमट करून घ्यायची, करंगळी बुडवून बघायची, आदल्या दिवसाचं चमचाभर दही त्यात घालायची आणि गाडगं फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची. ओठांनी पाढे म्हणत म्हणत. विरजणाचं काम असं, की एक दिवस चुकलं तर संपलं सगळं.

दुधाची गाडी बंद होणार म्हटल्यावर तुम्ही थेट चेअरमनच्या ओसरीवर गेलात. मीही होते मागं.

"मावशी, मानसाला चहाला दूध न्हाई, आन् तुमी दही लावाया मागता?" ते म्हणाले.

"गिलासभर द्या."

"गिलासभरानं तीस लेकरांचं काय व्हनार हाय?"

"पोट भराया मागत न्हाई, मालक. इरजन मरू द्यायचं न्हाई. पोरीची जबान हाय."

चेअरमननं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. त्यांना वाटलं असेल, बाई खुळावली. पण त्या दिवसापासून छावणीतून येणारा गडी रोज गिलासभर दूध झाकून आणायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या दह्याचं पाणीदार ताक व्हायचं आणि प्रत्येकाच्या ताटात दोन चमचे पडायचं. दीपाली ते वाढताना ताठ उभी राहायची.

आणि तेच मला खुपायला लागलं. मला ती शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायला हवी होती. या गावातून कुणी लागलं नव्हतं, ती लागली असती. मी तिला संध्याकाळी जादा बसवायचे, आणि ऐन गणिताच्या मधोमध ही उठायची. "बाई, दूध आलं." की चालली. मला वाटायचं, एका गिलास दुधासाठी या मुलीचं आयुष्य वाया चाललंय. असंच वाटायचं, शब्द न् शब्द हाच.

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला माजलगावला गेलात. चार दिवसांसाठी. भाकरी थापायला शेजारच्या काकूंना सांगून गेलात आणि मला बजावून गेलात, "पोरींचं पोरी बगतील. तुमी मदी पडू नका, बाई."

दुसऱ्याच दिवशी मी मध्ये पडले.

ती उठली तशी मी म्हणाले, "दीपाली, खाली बस. आजपासून दही मी लावते. तुझी जबान सुटली."

ती उभीच राहिली. "मावशीला इचारलं का?"

"मी सांगते मावशीला. तू बस."

ती बसली. त्या संध्याकाळी तिची सगळी गणितं बरोबर आली, आणि मी खूश झाले, मावशी. मी गाणं गुणगुणत दही लावलं. माझी मलाच किळस येते आता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा बाप आला, महादेव. कर्नाटकाकडच्या कारखान्यावरून निघालेला, डोळे लाल, कपड्यांवर उसाच्या पाल्याची टोचरी कूस. दोन महिन्यांपूर्वी कोपीतच बायको बाळंत झाली होती, ताप अंगावर काढून उसात जात होती, आणि तान्ह्याला धरायला कुणी नव्हतं. तो सवयीनं आधी चुलीकडं गेला. तुम्ही दिसला नाहीत म्हणून वर्गाकडं आला. चपला बाहेर काढल्या आणि दारातूनच त्यानं विचारलं, "दिपे, जबान बाकी हाय ना गं तुजी?"

त्या 'ना'कडं तेव्हा माझं लक्षच गेलं नाही. आता कळतं. त्याला 'हाय' ऐकायचं होतं हो. तेवढं ऐकून तो परत जाणार होता. बायकोला सांगायला त्याला काहीतरी हवं होतं.

दीपालीनं माझ्याकडं बघितलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, तुमचीच पोर ती. म्हणाली, "बाईनी सोडवली."

"मंग चल, माय," तो म्हणाला.

मी धावत पुढं झाले. कायदा सांगितला, परीक्षा सांगितली, तक्रार करीन म्हणाले. त्यानं हात जोडले. "बाई, कायद्याचं मला कळत न्हाई. जबान असती तर न्हाई नेली असती." पिशवी भरायला तिला पाच मिनिटं लागली. जाताना ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता रडेल, बिलगेल. ती म्हणाली, "बाई, आज दूध लई गरम लावू नका. फाटतंय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. डिंकाचे लाडू घेऊन, नातू झाला म्हणून हसत. लाडू वाटता वाटता विचारलंत, "दिपी कुटं हाय?"

"वडील घेऊन गेले."

"जबान असताना?"

मावशी, इथं मी थांबले होते. तुम्ही वाट बघत होतात आणि मला दोन्ही वाटा दिसत होत्या. मी म्हणाले, "त्यांनी विचारलं तिला. ती म्हणाली, नाही बाकी."

यात एक शब्द खोटा नव्हता, आणि याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

"दिपी म्हनाली?" तुम्ही खाली बसलात. लाडवाचं ताट मांडीवरच राहिलं. "पोरीनंच टाकली व्हय." तुम्हाला रडताना मी कधी बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही बघितलं नाही. उठलात, गाडगं घासलंत आणि पाडव्यापर्यंत तुम्हीच दही लावत राहिलात. कुणाला हात लावू दिला नाहीत त्याला.

का नाही बोलले मी? भीत होते तुम्हाला. सरकारी नोकरी, हातात घड्याळ, खांद्याला पर्स, आणि अंगठा लावणाऱ्या बाईला भीत होते. आणि दुसरं असं, की हे कबूल करायचं म्हणजे आपल्या सगळ्या वादात मी हरले असं म्हणायचं. तेवढं मला जमलं नाही. उद्या सांगू म्हटलं.

पाडव्याला टोळ्या परत आल्या. तुमच्या रीतीप्रमाणं प्रत्येक लेकरानं आपापल्या आईबापाला स्वतःच्या हातानं वाढलं आणि मग चुलीला हात लावून म्हटलं, जबान पुरी झाली. दीपाली आली ती धाकट्याला कडेवर घेऊन. अडीच-तीन महिन्यांत हातांना घट्टे पडलेले. सरळ चुलीकडं निघाली, तिलाही वाढायचं होतं आईबापाला. तुम्ही आडव्या झालात. ओरडला नाहीत, उलट गोड आवाजात म्हणालात, "ये, बस. पाव्हनी हायस तू." आणि आयाबायांच्या पंगतीत तिला पाटावर बसवलंत, ताट वाढलंत, दह्यावर साखर घातलीत. बाकीची तिच्याएवढी पोरं वाढत होती आणि ती पाहुणी म्हणून जेवली.

तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी पेल्यांत पाणी ओतत होते. माझा हात थांबला नाही. तिनं सगळं ताट संपवलं, तुमच्या पाया पडली, माझ्याही पडली आणि गेली. अकरा वर्षांची पोर, मावशी. एका वाक्यात मोकळी झाली असती. 'बाईनी सोडवली' असं बापाला म्हणाली होती, तेच तुम्हाला म्हणायचं. पण बापानं विचारलं म्हणून तिनं त्याला सांगितलं. तुम्ही तिला विचारलंच नाहीत, आणि ती मास्तरणीची चहाडी करणाऱ्यातली नव्हती.

पुढं ती शाळेत आली नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि नवराबायको मिळून त्यांचा कोयता झाला. जोडप्याला कोयताच म्हणतात उसात. तिच्या वर्गातली संगीता आज पुण्यात नर्स आहे. दोघींत दीपाली हुशार होती.

आणि तुम्ही तर दर दिवाळीनंतर नव्या लेकरांना सांगायचात, "एका पोरीनं जबान टाकलती. लई जीव लावलता मी तिला." नाव घ्यायचा नाहीत, पण सगळ्या गावाला माहीत होतं. मी दारात उभी असायचे. एक नाही, दोन नाही, दहाबारा दिवाळ्या. दरवर्षी ऐकायचे आणि दरवर्षी मनात म्हणायचे, उद्या. माझी आई गेली तेव्हा तुम्ही माझ्या घरी येऊन दहा दिवस चूल सांभाळलीत. त्या दहा दिवसांत किती वेळा तोंडापर्यंत आलं. मी तुमच्या हातची भाकरी खाल्ली आणि गिळून टाकलं तेही.

गेल्या महिन्यात तुम्ही बाजेवर पडलात. मी रोज शाळा सुटली की यायचे. तुम्ही बोटांवर तुमची लेकरं मोजत होतात, नावानं नाही, जबानीनं. "मटकी. मीठ. येसर. डाळ. पान्याचं झाकन." हसत होतात मधूनच. मग बोट थांबलं. "दही," म्हणालात, आणि अंगणातल्या लिंबाकडं बघितलंत. मग माझ्याकडं वळलात.

"बाई, ती का गेली आसंल वो? मी काय कमी केलं तिला?"

देवानं हातात आणून दिलेली वेळ होती. जवळ कुणी नव्हतं. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, नसत्या दिल्या तरी बरं झालं असतं. इतकी वर्षं तुम्ही तिच्यावर रुसला नव्हतात, स्वतःलाच दोष देत होतात, हे मला त्या क्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "मावशी, पाणी घेता का थोडं?"

तुम्ही घेतलंत. दोन घोट. चार दिवसांनी सरूचा फोन आला.

काल नदीवर पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. लोक म्हणाले, बाईचं काही राहिलं नव्हतं, समाधानानं गेली. मला ओरडावंसं वाटलं, राहिलं होतं हो, त्या विचारत होत्या, मी सांगितलं नाही. पण ओरडले नाही. ओरडणारी असते तर आज हे लिहीत बसले नसते.

दीपाली आली होती. ती दिसली तेव्हा पंगती उठत आल्या होत्या. बायकांच्या मागं, भिंतीला टेकून, लेकीला पुढ्यात घेऊन बसली होती. रापलेली, खांदे पुढं आलेले, वय तेविसाचं, दिसते चाळिशीची. गोडाऊनमध्ये सगळ्या पोरींनी आपापलं काम उचललं होतं आणि हिनं चुलीकडं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. काल तुम्ही अडवायला नव्हतात, तरी ती पाहुणीच बनून जेवली.

मी तिच्यापुढं जाऊन जमिनीवर बसले. हात जोडले. म्हणाले, दीपाली, चूक माझी होती, जबान मी सोडवली होती, मी मावशींना तुझं नाव सांगितलं. मी उद्या सगळ्या गावाला सांगते, चेअरमनला सांगते, पोरींना सांगते. बरंच बोलले, सवय आहे मला.

तिनं ऐकून घेतलं. लेकीच्या तोंडाला लागलेलं पदरानं पुसलं. रागावली नाही, रडली नाही.

"मला काय सांगताव, बाई? मला म्हाईतच हाय की," ती म्हणाली. "माज्या बापाला म्हाईत हाय. आयला म्हाईत हाय. तिला सांगायचं व्हतं. तिलाच तेवढं म्हाईत नव्हतं."